पट्टीवरची ओळखीची सही

बाबा, मागच्या आठवड्यापासून तुमच्या रेकॉर्ड रूमचं कुलूप सारखं डोळ्यांसमोर येतंय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण ते कुलूप तसंच लटकतंय. उमरखेडच्या कचेरीतल्या त्या खोलीला संध्याकाळी कुलूप लागलं की तुम्ही त्यावर खळीनं कागदाची पट्टी चिकटवायचा आणि पट्टीवर सही करायचा. सकाळी आधी पट्टी पाहायची, मगच किल्ली काढायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुमचा डबा घेऊन जरा लवकरच आले होते आणि थुंकी लावून पट्टीचं टोक सोडवत बसले होते. तुम्ही माझा कान धरला. "कुलूप तोडलेलं कोनालेही दिसते. पट्टी काढून दुसरी लावली, तर कोन पाह्यते? ते पाह्याचाच पगार हाय मले."

आता लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बियाणं कंपनीत, मी तेच करते. कपाटं नाहीत एवढंच. सगळे कागद क्लाउडवर, म्हणजे दूर कुठल्यातरी भाड्याच्या यंत्रांवर असतात. पासवर्ड किती अक्षरी हवा, किती दिवसांनी बाद व्हावा, हे नियम मी लावलेत. कुणी नियमाला हात लावला की मला सूचना येते. बदलाचा लेखी अर्ज आहे का, ते मी तपासायचं.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सूचना आली. पासवर्ड बाद होण्याची मुदतच काढून टाकली होती. बदल करणारीचं नाव ओळखीचं होतं. ढाणकीची माझी सहकारीण, जिला हे काम मीच शिकवलं, नियम बदलायचा अधिकार मीच मागून दिला. सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतोय. तिच्या घरची हळद माझ्या डब्यात असते. ती माझ्यासमोरच लॅपटॉप मिटत होती. "ताई, जवसाची चटणी घ्या ना. आज कमी तिखट केली, नाईतर म्हणान, पोरीनं जीव घेतला." मी हसले आणि चटणी घेतली.

गुरुवारी दुसरी सूचना आली. मुदत पुन्हा लागू. आता मात्र मी दचकले. सैल केलेलं गुपचूप घट्ट कशाला करायचं? मधल्या दोन दिवसांच्या नोंदी काढल्या. आमच्याकडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेलेल्या एका साहेबांचं खातं बंद करायचं राहून गेलं होतं. त्यांचा पासवर्ड मुदत संपल्यामुळे बाद होता. मुदत गेली, तो पुन्हा चालू झाला. नव्या वाणाच्या चाचण्यांचे सगळे अहवाल त्यांनी उतरवून घेतले होते.

मी तिला गच्चीवर नेलं. ती नाकारत बसली नाही. "साहेब तिथं मोठी जागा देतो म्हणे मले."

"मंग माह्या समोर बसून काहून केलं? सूचना मलेच येते, माहीत होतं ना तुले?"

"माह्यं नाव दिसलं की तुम्ही पुढचं पाहात नाई, ताई. ते पन माहीत होतं." मग ती रडायला लागली. "नाव नका सांगू माह्यं."

मी खाली येऊन नोंदींची प्रत काढली आणि घरी आले. चोरीपेक्षा ते 'पुढचं पाहात नाई'च जास्त लागलं. माझा विश्वास तिनं इतका नीट मोजून ठेवला होता.

मग शेजारचे काका आठवले, तुमच्याच कचेरीतले. शनिवारी पट्टीवर तुम्ही सही केली होती, सोमवारी तिथं काकांची होती, आणि आतल्या फाइलमधली पानं गेली होती. चौकशीत तुम्ही त्यांचं नाव सांगितलं. ते कुटुंब गाव सोडून गेलं, माझी मैत्रीण गेली. मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. शेवटी स्वयंपाकघरात विचारलं, "काकांचं नाव काहून सांगितलं?" तुम्ही ताटात बघत म्हणालात, "मी त्या दिवशी पट्टी पाह्यली होती. सही ओळखीची होती." आणि जेवत राहिलात. मला वाटलं, तुम्ही उत्तर टाळताय.

अहवाल उद्या द्यायचा आहे. तिचं नाव मी लिहिलंय. मंगळवारची सूचना मात्र 'गुरुवारी लक्षात आली' असं लिहिलंय. ते खरं नाही. मंगळवारीच मी ती उघडली होती, तिचं नाव वाचलं होतं आणि अर्ज न शोधता 'तपासले' वर बोट ठेवलं होतं, डाव्या हाताचं, कारण उजवा चटणीनं भरला होता.

काकांची सही पाहूनही तुम्ही कुलूप उघडलं, हे चौकशीत सांगितलं होतं का, ते विचारायचं राहून गेलं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथं तरी लिहिते. अहवालात मंगळवारची ती खरी ओळ मी अजून घातलेली नाही.