नव्या प्लायचा वास

कोल्हापूर, बुधवार, १२ मार्च १९९७, संध्याकाळ

शाळेच्या खिडक्या उघडतानाचा खडखडाट आज दिवसभर कानात आहे. आधी खिडक्या, मग कविता, हा माझ्या वर्गाचा नियमच होता.

आणि सूनबाईच्या, सुमनच्या ऑफिसात एकही खिडकी उघडत नाही. एसी बसवला, प्लायच्या केबिनी केल्या, खिडक्यांना खिळे ठोकले. उद्घाटनाला मीच म्हणालो होतो, "काय छान नवा वास!" तोच वास आता तिच्या पदराला येतो. डोळे चुरचुरतात, जिन्यात धाप लागते. रविवारी मात्र ठणठणीत! म्हणजे तो वासच ना? की मी उगाच घाबरतोय?

तिचा साहेब माझाच जुना विद्यार्थी. तिला म्हणाला, "वासानं कोण मरत न्हाय. झेपत नसंल तर सोडा की!"

आज राजीनामा लिहून तिने माझ्यापुढे ठेवला. "मामा, वाचून बघा." इतक्या आवडीची नोकरी. वाचवेना. कागदालाही तोच वास.

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. बघतो तर साहेबच! डोळे लालभडक.

"गुरुजी, सूनबाईंनी राजीनामा दिऊ नये म्हणून सांगाय आलोय. आता मलाबी धाप लागायलीय. उद्या खिळं उपटतो. आधी खिडक्या, ह्यो तुमचाच नियम न्हवं? मग ही खिडकी उघडा की."