मलब्यातलं मीठ

बाबा, तुझी एक इमारत पाडली. भाईंदर पूर्वेची, तीन मजल्यांची, जिच्या प्रत्येक स्लॅबवर तू सुपरवायझर म्हणून उभा होतास. तिचा मलबा काशीगावच्या बाजूला आमच्या काँक्रीटच्या प्लांटवर आला आणि यंत्रात भरडून त्याची खडी झाली. तुझ्या काळी खडी डोंगर फोडून यायची. आता डोंगर पुरेनात, म्हणून पाडलेल्या घरांची खडी नव्या काँक्रीटमध्ये किती घालता येईल ते बघायचं असतं. सिमेंट किती, पाणी किती, कुठली खडी किती, हे ठरवण्याला मिक्स डिझाइन म्हणतात आणि आमच्या लॅबमध्ये ते मी करते. जुन्या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, ती पाणी फार पिते, म्हणून आधी दिवसभर भिजत घालावी लागते, वालासारखी. त्या पाण्यात मी तपासणीचे थेंब टाकले आणि ते दुधासारखं पांढरं झालं. मीठ असलं की असं होतं, पण एवढं पांढरं मी आजवर पाहिलं नव्हतं. मिठाने सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि अंगावरचं काँक्रीट फोडून टाकते. हे मी कॉलेजात शिकले. तू मिठागरवाल्याचा मुलगा, तुला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सुट्टीत मी तुझा डबा घेऊन साइटवर यायचे. खाडीतली रेती घेऊन ट्रक आला की तू चिमूटभर रेती जिभेवर ठेवून थुंकायचास. एकदा अख्खा ट्रक तू परत पाठवलास. "खारी हाय. धुवून आन," एवढंच म्हणालास, आणि मला वाटलं, असा बाप कुणाचा नाही. त्यानंतर दोन महिने तू घरी बसलास, कारण बिल्डरने दुसरा सुपरवायझर ठेवला. आई स्वयंपाकघरात भांडी आदळायची आणि तू दारात बसून, भराव टाकून बुजवलेल्या आपल्या मिठागराकडे बघत राहायचास. मग त्याच बिल्डरने तुला पुन्हा बोलावलं, आता पाडलेल्या या इमारतीवर. मी डबा घेऊन येते, ट्रक येतो, तू रेती जिभेवर ठेवतोस, थुंकतोस आणि पावतीवर सही करतोस. मी विचारते, "बाबा, खारी न्हाय?" तू माझ्याकडे न बघता म्हणतोस, "डबा दिलास ना? आता घरा जा. परत हितं येव नको." मी परत आले नाही. पुढे मी सिव्हिल इंजिनिअरिंगला गेले तेव्हा तू गावभर पेढे वाटलेस, पण रेतीचा विषय आपल्यात कधीच निघाला नाही.

इमारत पाडत होते तेव्हा मलब्याचा नमुना घ्यायला मीच गेले होते. तिथे एक बाई उभी होती, दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्या स्वयंपाकघराचा स्लॅब तिच्या नवऱ्यावर पडला आणि तो जागीच गेला. त्याने आदल्या वर्षी वरच्या गळतीला कंटाळून, शेजाऱ्यांशी बोलून, वरचं बाथरूम फोडून नवीन करून घेतलं होतं. त्या तोडफोडीनेच स्लॅब हलला, त्याचं मरण त्यानेच ओढवून घेतलं, असं सगळी सोसायटी म्हणते. मी तपासणीवाली म्हटल्यावर तिने माझा नंबर घेतला.

प्लांटचा मॅनेजर म्हणाला, ताज्या खडीत थोडी थोडी मिसळून टाकू, मिठाचा आकडा मर्यादेत बसेल. मी नाही म्हटलं. सळईच्या काँक्रीटला ही खडी चालणार नाही, फुटपाथचे ब्लॉक करा, असं रिपोर्टमध्ये लिहून खाली सही केली. खरं सांगते, सही करताना मला तुझा राग आला आणि स्वतःचा अभिमान वाटला. माझी नोकरी गेली तरी दुसरी मिळेल, तुझं तसं नव्हतं, हे मला कळतं. तरी राग आला.

दोन दिवसांनी त्या बाईचा फोन आला. स्लॅब कशाने पडला ते रिपोर्टमध्ये आलं का, असं तिने विचारलं. बाथरूम फोडायच्या कितीतरी आधी सळया आतून संपल्या होत्या, हे माझ्या टेबलावरच्या मिठाच्या आकड्यावरून उघड होतं. मी म्हटलं, "बिल्डिंग जुनी होती, काकी."

ती म्हणाली, "म्हणजे ह्यांचंच चुकलं ना, मॅडम? बाथरूम फोडायला नको होतं."

मी मूग गिळून बसले. रेती म्हटलं असतं तर ती कुणी पास केली हे तिने विचारलं असतं आणि तुझं नाव निघालं असतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मला माझी शरम वाटते, बाबा, आणि तुझीही.

हे तुला लिहितेय खरं, पण याची गरज तुला नाही, त्या बाईला आहे. ती आता मीरा रोडला भाड्याने राहते. रिपोर्टची कॉपी मिळाली तर बघा, म्हणून तिने घरचा पत्ता मेसेज केलाय. मी अजून तिला काहीच पाठवलेलं नाही.