हवापालटाला गेलेली माणसं

६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी खुनांची कादंबरी पोचली आणि घरात अशी काही मुक्कामाला राहिली आहे की मीच पाहुणी वाटायला लागलेय. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे बाबांना अजून वाचायची बंदी. म्हणून बालवाडीतून आले की मी चहा करते आणि त्यांना तुझं पुस्तक वाचून दाखवते.

आई गेल्यापासून बाबा हसले नव्हते, हे तुला ठाऊक आहे. मी काय काय नाही केलं! फिरायला नेलं, जुने दोस्त गोळा केले, या वयात नकला करून दाखवल्या. ढिम्म! आणि तुझ्या पुस्तकाला असे हसले की कवळी निसटून मांडीवर पडली.

स्पष्टच लिहिते, माझ्या पोटात दुखतंय. गोळ्या मी देते, पथ्य मी सांभाळते, आणि आल्यागेल्याला ते सांगतात की धाकटीनं मला माणसात आणलं. तेही मुडद्यांवर विनोद करून! लोकांना त्यात एवढं काय गोड वाटतं, ते मला एकदा समजावून सांग बाई.

काल त्यांनी जाहीर केलं की नवा चष्मा आला की कायमचं तुझ्याकडे राहायला जायचं. हसू जिथून येतं तिथंच जाऊन राहावं म्हणाले. मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले. ये आणि घेऊन जा त्यांना. गोळ्यांचा डबा भरून ठेवते.

रागावलेली, पण लोभ पूर्वीइतकाच असलेली,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचतेय आणि कवळीपाशी आलं की पुन्हा मागे जातेय. जळ, हवी तेवढी जळ! मी इतकी वर्षं जळत आले त्याचं काय? बाबा तुझ्याजवळ, चहा तुझ्या हातचा, कौतुक तुझं. माझी आधीची पुस्तकं त्यांनी उघडूनसुद्धा पाहिली नाहीत.

काय गोड वाटतं म्हणून विचारतेस. अगं, पाहुणे चहा पीत बसलेत, कपबश्या ज्या पेटीवर ठेवल्यात तिच्यातच घरमालक मरून पडलाय, आणि त्याच्या बायकोला काळजी कसली, तर पेटीवर चहाचे डाग पडतील! मरणाची आपल्याला एवढी धास्ती असते, की कुणी त्याला असं घरकामाला जुंपलं की जीव हलका होतो. बाबांना ते बरोबर कळलं. तुला नाही कळायचं, तू पहिल्यापासूनच सोज्वळ.

खोली रंगवून घेतली आहे. रविवारी न्यायला येते. तोंड फुगवून बसू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
धाकटी

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांची तब्येत उत्तम आहे. माझी नाही.

ते हसत नाहीत गं. नवा चष्मा लावून त्यांनी माझी कादंबरी स्वतः वाचायला घेतली आणि थोड्या वेळानं मिटून ठेवली. मग मी वाचून दाखवली, आवाज बदलून, हातवारे करून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि छान लिहितेस म्हणाले. शेजारच्यांच्या मुलीला म्हणावं तसं! वर विचारलं की घरमालक हवापालटाहून परत कधी येतो. मी म्हटलं की बाबा, तो पेटीत मेलाय. तर ते मला ठाऊक आहे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तू त्यांना काय वाचून दाखवलंस? लगेच कळव. माझा नुसता जळफळाट चाललाय.

तुझीच, सध्या नाइलाजानं,
धाकटी

१५ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आता काय सांगू, कपाळ माझं! आमच्या बालवाडीत कोल्हा कोंबड्याला कधीच खात नाही, जेवायला बोलावतो. नाहीतर पोरं रडतात. तोंडाला तीच सवय लागलेली. पेटीचं झाकण उघडलं, समोर डोळ्यांना पट्टी बांधलेले बाबा, आणि मेला हा शब्द काही केल्या बाहेर येईना. मी घरमालकाला हवापालटासाठी डोंगरावर पाठवून दिलं.

मग तू वकिलाला विष घातलंस, तोही तिकडेच. मग शिंपी, मग शिंप्याची सासू. तू माणसं मारत गेलीस आणि मी त्यांची सोय लावत गेले. शेवटी तिथं खोल्या पुरेनात. एकमेकांचा गळा दाबणारे दोघे भाऊ मला एकाच पलंगावर झोपवावे लागले. बाबा तुझ्या विनोदांना हसताहेत असं मी समजत होते. तुझे निम्मे विनोद तर मी वाचलेच नव्हते! म्हणजे इतके दिवस मी कुणावर जळत होते ते बघ.

पण त्यांनी तुला निवडलंय. मी परत मागत नाही, आणि मी आठवण काढली असं त्यांना सांगू नकोस. इकडे चहा मात्र अजून दोघांचाच होतो. एक कप ओतून देते.

आहे तशी,
ताई

२२ एप्रिल

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाकटीनं तुझं पत्र मला दाखवलं. सांगू नकोस लिहिलंस म्हणूनच दाखवलं.

मला पहिल्यापासून कळत होतं. तू थांबायचीस, मग तुझा तो बालवाडीतला आवाज लागायचा, की मी समजायचो, चला, आणखी एक आटोपला. तुझी आई वारली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण माझ्याशी त्याच आवाजात बोलत होता. शांत झाल्या, सुटल्या, जपा. वारली असं कुणी म्हणेना. तेव्हा मला हसूही येत होतं आणि रडूही, पण लोकांसमोर दोन्ही करता येईना. तुझ्यासमोर दोन्ही झालं.

धाकटी लिहिते चांगलं. पण हसू कुठून येतं हे ओळखायला मी चुकलो. शनिवारी घरी येतोय. ती सोडायला येणार आहे आणि वाचनाला बसणारही आहे. तोंड एवढंसं झालंय तिचं, तेव्हा चहा तिघांचा टाक. तिचं नवं हस्तलिखित बरोबर आणतोय. त्यात बरीच माणसं मरतात, सोय करून ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. तिकडे डोंगरावर तुझ्या आईसाठीही एक खोली बघ. खिडकीजवळची.