पप्पांनी घेतलेली नावं

११ जानेवारी, रविवार
घसा पार बसला. हळद-पाणी घेतलं, ढिम्म फरक नाही. पण काय दिवस होता! उत्तनजवळच्या पालीत, चर्चच्या हॉलमध्ये सोळा टीम, प्रत्येक टीममध्ये चार जण, हातात फोन, समोर मोठ्या पडद्यावर गेम. तारोडीवाले पहिल्याच राउंडला बाहेर, तरी सगळ्यात जास्त बोंबाबोंब त्यांचीच. सकाळी नऊपासून मी मराठीत कॉमेंट्री करतेय, माझ्याच चॅनलवर लाइव्ह.

सेमीफायनलला पप्पांच्या हातात माइक दिला. गंमत म्हणून. तीस वर्षं टेनिस बॉल क्रिकेटची कॉमेंट्री करतायत, उत्तन पट्ट्यात लोक आवाजावरून ओळखतात. गेममधलं ओ की ठो कळत नाही. "हा निळा कोण गं? मेला का?" हॉल नुसता लोळला. मग मधल्या वेळात सवयीप्रमाणे सुरू झाले. "सामनावीरासाठी सायकल, तारोडीचे मार्शलशेठ यांजकडून सप्रेम भेट! दुपारचं जेवण, डोंगरीच्या बेनीता मावशी यांजकडून सप्रेम भेट! थंड पाण्यासाठी बर्फ, अॅल्विनभाऊ यांजकडून सप्रेम भेट!" एकेक नाव ताणून, मैदानावर घेतात तसं. सगळ्यात जास्त मीच हसले.

रॉयस्टनच्या टीमने कप घेतला. घेणारच. पालीची ही चार पोरं गेम बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिशियल लीगला क्वालिफाय झालीयत. आणि त्याच लीगची मराठी कॉमेंट्री मी करणार, २४ तारखेपासून. मराठी फीड, म्हणजे मराठीतलं प्रक्षेपण, पहिल्यांदाच. क्लिनिकच्या रिसेप्शनची नोकरी सोडली ती ह्यासाठीच.
झोपते आता.

१३ जाने., मंगळ.
मेल आला. गेम ज्यांचा त्या कंपनीचा (इथून पुढे कं.). इंग्लिशमध्ये, दोन पानं. रविवारचा व्हिडिओ काढून टाकलाय. विनापरवाना स्पर्धा, विनापरवाना प्रक्षेपण, आणि मंजुरी नसलेले प्रायोजक. वीस तारखेपर्यंत फॉर्म भरून खुलासा द्या.

खाली तक्ता जोडलाय. पप्पांनी घेतलेलं एकेक नाव, त्यापुढे मिनिट-सेकंद. सायकल: मार्शल. जेवण: बेनीता. बर्फ: अॅल्विन, प्रायोजक क्रमांक तीन. कोणीतरी बसून हे सगळं ऐकलं, इंग्लिशमध्ये केलं. एरवी हसून मेले असते.

शेअर रिक्षात तीनदा वाचला. गोल्डन नेस्टला उतरायचं होतं, काशीमिऱ्यापर्यंत गेले.

१४ जाने., बुध.
वरच्या मजल्यावरच्या जिग्नाबेनने चिक्की पाठवली. गच्चीवर पतंग, "काय पो छे" चालू. मी खालीच.
पप्पा : "आपला तो व्हिडिओ दिसत का नाही गं? आमच्या फॅक्टरीत सगळ्यांना लिंक पाठवलीय मी."
"नेट गेलं असेल."
नेट कसं जाईल एकाच व्हिडिओचं! पण ते "असेल असेल" म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवतात ना, त्याचीच जास्त भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी मी ह्याच गेमच्या ज्या छोट्या लीगसाठी हिंदी कॉमेंट्री करायचे ती आठवतेय. नीट चालली होती, लोक बघत होते. कं.ने परवाना पुढे दिला नाही, स्वतःची लीग काढली. बारा जण घरी. भांडायला समोर माणूसच नाही. एक मेल, संपलं.

१५ जाने., गुरु.
शनाया मॅडमचा फोन. लीगचे कॉमेंटेटर त्या बघतात. आवाज गोड, तेच जास्त वाईट.
"देखो डिअर, घबराओ मत. फॉर्म में ऑर्गनायझर का नाम पूछा है. तुम तो बस बोलने गयी थी ना? बाहर से बुलाया हुआ टॅलेंट. फिर तुम सेफ हो."
मी विचारलं, आणि ऑर्गनायझर कुठली टीम असली तर?
"टीम का तो फिर स्लॉट जाता है. रूल है."
स्लॉट म्हणजे लीगमधली जागाच. आणि रविवारच्या पोस्टरवर संपर्क म्हणून रॉयस्टनचा नंबर आहे.

खरं काय? कल्पना माझी. चॅनल माझा. हॉल त्याने मिळवला, टीम त्याने गोळा केल्या. दोघांनी मिळून केलं असं लिहायला फॉर्ममध्ये जागाच नाही. एकच चौकोन आहे.
दुपारभर नुसती बसून. आईने दोनदा विचारलं, डोकं दुखतंय म्हटलं.

१६ जाने., शुक्र.
भाईंदर वेस्टवरून उत्तनची बस, पुढे चालत पाली. रॉयस्टनच्या घरासमोर बोंबील वाळत घातलेले. तो आणि त्याची आई काठीवर टाकत होते. त्याला व्हिडिओ उडाला एवढंच माहीत होतं.
"पन ताई, आमी तर सगल्यांना इचारलेला. फादरला इचारला, हॉल दिला. पोलिस चौकीत जाऊन आलो, लाऊडस्पीकर हाय म्हनून. नगरसेवकाला पन सांगला. अजून कोन ऱ्हायला?"
अजून कं. राहिली. ज्यांचा गेम, त्यांनाच विचारलं नाही. त्याच्या डोक्यात आलं नाही ते ठीक. माझ्या यायला हवं होतं ना! मी ह्या धंद्यातली. क्रिकेटला लागतं तेवढं सगळं आम्ही केलं आणि खुशाल माइक लावला.
"काय होनार न्हाय ना आमचा?"
"नाही रे."
स्लॉटचं बोलले नाही. त्याच्या आईने सुके बोंबील बांधून दिले, आईला सांग म्हणाली, नीट धुऊन घे. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर, आणि मी चोर.

१८ जाने., रवि.
पप्पांना कळलं. लॅपटॉप उघडा राहिला होता, तक्ता दिसला. इंग्लिश जेमतेम, पण स्वतः घेतलेली नावं ओळखली.
"हे प्रायोजक काय लिहिलंय? मार्शलने सायकल दिली, त्याचं नाव घ्यायचं नाही? न घेता कसं चालेल?"
समजावलं. की गेम कं.चा आहे. त्यात दिसतं ते सगळं कं.चं. कुणी खेळवायचा, कुणी दाखवायचा, मध्ये कुणाचं नाव घ्यायचं, सगळं तेच ठरवणार.
"म्हणजे मैदान त्यांचं, बॉल त्यांचा, अंपायर पण त्यांचा?"
"हो."
"आणि आपण नुसतं बघून बोललो, ते?"
"ते पण."
तक्त्यावरून बोट फिरवत शेवटच्या नावापर्यंत गेले. मग, "माझं नाव लिही. नावं मी घेतली."
मी ओरडले. तुम्हाला काही कळत नाही, तुमचं नाव लिहून काय होणारेय, गप्प बसा! असं कधी बोलले नव्हते त्यांना. आई किचनमधून बाहेर आली.

आज तारोडीला पप्पांची कॉमेंट्रीची मॅच होती. घसा बसलाय म्हणून कळवलं त्यांनी. घसा ठणठणीत आहे. खिडकीत बसून होते, रेडिओसुद्धा लावला नाही. एवढ्या वर्षांत सीझनमधला रविवार त्यांनी घरी काढलेला मला आठवत नाही.

१९ जाने., सोम.
दोन उत्तरं तयार.
एक : मी फक्त आमंत्रित कॉमेंटेटर होते. आयोजन स्थानिक टीमचं. (खोटं म्हणता येणार नाही. पोस्टर आहेच.)
दोन : आयोजक मी. चॅनल माझा, कल्पना माझी. टीमने फक्त हॉल मिळवून दिला. प्रायोजक कोणी नाही, ही गावातली माणसं, ज्याने दिलं त्याचं नाव माइकवरून घ्यायचं ही इथली रीत.
रीतीसाठी जागा नाही फॉर्ममध्ये. प्रायोजक होते का : हो / नाही. त्यांच्याकडे सेकंदासकट तक्ता आहे. 'नाही' टिक केलं तर मी खोटारडी. 'हो' टिक केलं तर बेनीता मावशीचा डाळभात जाहिरात.
पहिलं उत्तर सारखं उघडून बघतेय. किती छोटं आहे.

लीग गेली तर मग काय? कं.चा गेम सोडून मला दुसरं काय येतं? क्लिनिकमध्ये माझ्या खुर्चीवर नवी मुलगी बसली. अकाउंट बंद झालं तर गेम उघडणार पण नाही. माझा आवाज आहे, पण तो लावायचा कशावर?

२० जाने., मंगळ.
दुसरं पाठवलं. सकाळी ११.४०. 'हो' टिक केलं आणि खाली छोट्या अक्षरात रीत लिहिली.
पाठवल्या पाठवल्या परत घेता येतं का शोधलं. नाही येत.
मोठी शूर वगैरे नाही मी. रॉयस्टनची आई उद्या बाजारात समोर आली तर कुठे बघायचं, ह्याची भीती कं.पेक्षा जास्त निघाली, एवढंच. घरी अजून सांगितलं नाही.

२२ जाने., गुरु.
काही नाही.
शनाया मॅडम : "लीगल देख रहा है." गोड आवाज गेला.
आजची रिहर्सल रद्द. कारण नाही. लीगचं पोस्टर आलं. हिंदी, तमिळ, तेलुगू, सगळ्यांचे फोटो. मराठीपुढे राखाडी डोकं, नाव नाही.
पप्पांना पोस्टर दाखवलं आणि सगळं सांगितलं. फॉर्म, टिक, सगळं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "बरं केलंस," म्हणाले. मग हळूच, "मी नसतो बोललो तर..."
"पप्पा, मीच माइक दिला होता."
रडले मी. तेही.

२४ जाने., शनि.
दुपारी एकला पहिली मॅच. पालीचीच.
सकाळी एक मेल : लॉगिनची लिंक चालू राहील, अंतिम निर्णय प्रक्षेपणापूर्वी. म्हणजे काय ते देव जाणे. शनाया मॅडम फोन उचलत नाहीत.

१२.२०. बाहेरच्या खोलीत टेबल लावलं. आईने पंखा बंद केला, कुकर नंतर लावते म्हणाली. जिग्नाबेनला पण सांगून आली, आज वरती ड्रिल मशीन चालवू नका. हेडफोन, माइक, टीमची यादी. लिंक उघडली. 'होस्ट तुम्हाला आत घेतील, कृपया थांबा.' खाली गोल फिरतंय.

१२.३५. फिरतंय.

१२.४१. रॉयस्टनचा मेसेज : "ताई मेल आला. चौकशी बंद झाली लिहिलाय, आयोजक दुसराच कोन तरी हाय. आमचा स्लॉट हाय!! घरातले सगले टीव्हीला फोन जोडून बसलेत. तूच बोलनार न?"
तीनदा वाचला. आधी इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. मग कळलं. त्यांनी माझा चौकोन वाचलाय, आणि मान्य केलाय: आयोजक मी.
"बोलणार" असं लिहिलं. पुसलं. अंगठा पाठवला.

१२.५०. पप्पा कोमट पाणी ठेवून गेले. मग परत आले, दाराशीच उभे. पांढरे बूट घातलेत घरात, मॅचला घालतात ते.
"आवाज मोकळा कर," म्हणाले.
"माइक बंद आहे पप्पा. आत घेतलं नाहीये अजून."
"म्हणून काय झालं? कर."
केला. "नमस्कार मंडळी, मैदानात उतरतायत पालीची चार पोरं..." फाटला आवाज. परत केला. आई किचनच्या दारात.

१२.५६. गोल फिरतंय. डाव्या हाताने पाणी, उजव्याने हे लिहितेय.

१२.५८. पप्पा विचारतायत, टीमची नावं पाठ आहेत ना? आहेत. चारही.
फिरतंय.