दाजींना ढकलावी लागणार नाही अशी जीप

नामपूर,
मंगळवार

ती. गोरक्षदाजी यांस,

नवनाथचा जमेल तेवढा वाकून नमस्कार (पूर्ण वाकता येत नाही, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच). आपली साखर ताब्यात असेल, ताईचा गुडघा बरा असेल आणि लग्नघर असूनही आपल्याला वेळेवर चहा मिळत असेल अशी आशा करतो. इकडे मी, सुवर्णा आणि मुलं मजेत आहोत. उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की आपण माझा फोन उचलत नाही. इंजिनाचे फोटो पाठवतो ते आपण पाहता, हे निळ्या खुणांवरून कळतं, पण उत्तर येत नाही. पत्र मात्र ताई फोडते आणि मोठ्यानं वाचून दाखवते, आणि जेवताना आपल्याला उठून जाता येत नाही.

प्रश्न जुनाच आहे. तेजलच्या लग्नात मामाची जीप येणार की नाही. आपलं म्हणणं, 'ते खटारं माझ्या दारात नको.' मी आपल्याला दोष देत नाही. आपल्या लग्नात ताईला घेऊन सटाण्याला निघालात तेव्हा याच जीपनं चढावर मान टाकली आणि नवरदेव असून आपल्याला एका हातानं फेटा धरून ती ढकलावी लागली. (वऱ्हाडातले बाकीचे लोक खाली उतरून सल्ले देत होते, हेही मला आठवतं.) पण दाजी, ती पेट्रोलची होती. वडिलांनी हौसेनं घेतलेली ती गाडी त्यांच्या मागं पडून राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या, आणि भाचीच्या लग्नात मामानं दुसऱ्याच्या गाडीत अंग चोरून बसून यायचं, हे माझ्या जिवाला लागलं. म्हणून मी वाद न घालता इंजिन बदललं.

इंजिन डिझेलचं आहे. एका पिकअपचं. तिनं आयुष्यभर कांदा वाहिला, शेवटी केबिन गंजून गळून पडली, पण इंजिन असं ठणठणीत की त्याला दुसरं घर देणं हे पुण्याचं काम वाटलं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजचा महेश त्यासाठी खास नामपूरला येऊन राहिला. हा महेश हुशार माणूस आहे, फक्त तो कशालाच नाही म्हणत नाही. आम्ही निंबाच्या फांदीला चेन बांधून इंजिन वर उचललं. ते हवेत लोंबकळत असताना शेजारच्या वत्सलाबाई हळदकुंकू घेऊन आल्या आणि त्यांनी त्याला ओवाळलं. ते खाली जीपमध्ये उतरेना, कारण डिझेलचं इंजिन पेट्रोलपेक्षा अंगानं थोराड. मग बॉनेटला वरून भोक पाडलं. (त्यावर सुवर्णानं स्टीलचं पातेलं उपडं बसवून पाहिलं, अगदी मापाचं निघालं. पातेलं आता तिकडेच आहे.) पुढचं वजन वाढल्यामुळे जीप नमस्कार केल्यासारखी वाकली, तर स्प्रिंगच्या पाट्यांत भर घातली. जुना गिअरबॉक्स या इंजिनाशी जुळेना, म्हणून पिकअपचाच घेतला, आणि तो घेतला म्हणून मागच्या चाकांचा एक्सलही तिचाच घेतला.

इथे माझ्या बुद्धीचा कस लागला. आपल्या जीपला पाट्या एक्सलच्या खालून येतात आणि पिकअपला वरून. महेश म्हणाला, एक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका कापून पुन्हा वेल्डिंग मारावं लागेल. मी एक्सलभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणालो, "कापता कशाला? एक्सलच पालथा घाला, खालचं वर येईल." महेशही एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "शेठ, आयडिया लय भारी हाय." एवढ्या वर्षांत कुणाला हे सुचलं कसं नाही, याचं आम्हा दोघांनाही नवल वाटलं.

मग पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, अर्धं नामपूर जमलं. मी पहिला गिअर टाकला आणि ऐटीत क्लच सोडला. जीप जोरात मागे गेली आणि चाऱ्याच्या गंजीत शिरली. (कंबर तिथे धरली.) मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. दुसरा टाकला, तर ती आणखी आत गेली. शेवटी रिव्हर्स टाकला तेव्हा पुढे निघाली आणि डोक्यावर कडबा घेऊन सगळ्यांसमोर आली. त्यानंतर महेशनं हिशेब लावला की एक्सल पालथा घातला की चाकंही उलटी फिरणारच. म्हणजे आपली जीप आता पुढे एका गिअरमध्ये चालते आणि मागे पाचांत. वत्सलाबाई म्हणाल्या, "नवनाथ, तोंड तिकडं आनि चालस इकडं, हाई काय शे?"

हसा दाजी, माझी हरकत नाही. पण ती चालते कशी हे विचारा. टेकडीवरच्या वावराचा मुरमाड चढ आपल्याला ठाऊक आहे, तिथे ट्रॅक्टरवालासुद्धा आधी देवाचं नाव घेतो. काल कांद्याच्या गोण्या भरून मी तो चढ पाठमोरा चढून गेलो. एकदाही थांबलो नाही, कुणी खाली उतरलं नाही, कुणी ढकललं नाही. वर पोहोचून इंजिन बंद केलं आणि वडिलांची आठवण येऊन मला रडू आलं. इतका अभिमान मला दहावी पास झाल्यावरही वाटला नव्हता (तेव्हा थोडा संशयच वाटला होता). महेश बैठका कापून सरळ करून द्यायला तयार आहे, पण मी त्याला हात लावू दिलेला नाही. आता गावची कुत्रीसुद्धा या जीपच्या मागे लागत नाहीत, कारण तिचं मागे कुठलं हे त्यांना ठरवता येत नाही.

ताईला साष्टांग, तेजलला आशीर्वाद. राग असेल तर लग्न झाल्यावर काढा, मी कुठे जात नाही.

आपला मेहुणा,
नवनाथ

ता. क. आपण नाशिकहून सांगितलेली पांढरी गाडी रद्द करू नका. तेजलला मांडवात तिच्यातूनच आणा. गाडी छान आहे, तिचा फोटो मी पाहिला आहे, आणि ती पुढे चालते.

दुसरा ता. क. जीप मला पाठवणीला हवी आहे, तीही फक्त आपल्या दारापासून फाट्यापर्यंत. तिथून दोघं जावईबापूंच्या गाडीत बसतील. ही माझी हौस नाही. गेल्या आठवड्यात तेजल केळवणाला आली होती, तेव्हा तिला जीपमधून फिरवून आणलं. ती माझ्या शेजारी बसली होती आणि आम्ही मागे मागे जात होतो. सुवर्णा दारात उभी राहून हात हलवत होती, आणि ती वळणापर्यंत तेजलला समोर दिसत राहिली. पोरगी आधी खूप हसली, मग म्हणाली, "मामा, पाठवणीला हीच आणा. दुसऱ्या गाडीत मान वळवून बघावं लागतं, अन् बायका म्हणतात मागं बघू नको. हिच्यात मी सरळ समोर बघत बसले तरी पप्पा दिसतील."

आपल्याला हे सांगायची तिची हिंमत होत नाही, म्हणून मी लिहितो. तिला होस्टेलला सोडायची गाडी निघाली तेव्हा आपण म्हशीचं निमित्त काढून गोठ्यात गेला होतात. या वेळी जाऊ नका. ती बघत असेल.