कॉमनवेल्थच्या बाजूने

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या त्या इंग्लंडवरच्या प्रेमाची मला अजून शिसारी येते. प्रेमाची नाही, चुकले. इंग्लंडने त्या प्रेमाचं जे केलं त्याची. आणि खरं सांगायचं तर थोडी तुमचीही. तुमच्या जिवंतपणी हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, कारण राहायला बर्मिंगहॅममध्ये असलो तरी वडिलांशी वाद घालायला आपल्या घरात सांगलीइतकीच बंदी होती. तुम्ही बोलायचं आणि आम्ही ऐकायचं.

सकाळचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही टायची गाठ मारता मारता पेपर मोठ्याने वाचताय आणि आई न्यूझीलंडचं लोणी कढवतेय. दुकानात डेन्मार्कचंही लोणी असायचं, पण ते तुम्हाला चालायचं नाही. न्यूझीलंड म्हणजे कॉमनवेल्थ, घरचं. डेन्मार्क म्हणजे परकं. मी शाळेच्या नकाशात पाहिलं होतं बाबा, डेन्मार्क इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि न्यूझीलंडच्या पलीकडे नकाशाच संपतो. पण तुमच्यापुढे नकाशाची काय टाप! पौंड घसरला की तुम्ही म्हणायचात, आपला पौंड घसरला. सुएझच्या पलीकडचं, आशियातलं इंग्लंडचं सैन्य परत आणायचं ठरलं, तेव्हा तर तुम्ही सुतक आल्यासारखे बसून राहिलात. ‘आता जगात आपल्याला कोण विचारणार?’ आई कढईवरून नजर न काढता म्हणाली, ‘अहो, आत्ता तरी कोण विचारतंय? गॅसचं बिल तेवढं आपलं आहे, ते आधी भरा.’ मी खुदकन हसले आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी दप्तर उचलून बाहेर पडले.

इथल्या हॉस्पिटलात तुम्ही म्हाताऱ्यांच्या वॉर्डाचे डॉक्टर होतात. गोरे तरुण डॉक्टर तिथे टिकत नसत, म्हणून तो वॉर्ड आपल्या लोकांच्या वाट्याला यायचा. बारा वर्षं तुम्ही तिथे चादरी उचलून पाठीवरच्या जखमा तपासल्यात, आणि तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं तुमच्या डोक्यावर जाऊन बसली. आता सीनियर रजिस्ट्रारची, तुमच्या एक पायरी वरची, जागा रिकामी होणार होती. ती मिळणं म्हणजे काय, हे आम्हा दोघींना पाठ झालं होतं: पुढे कधीतरी कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डाचा मुख्य डॉक्टर, दारावर नावाची पाटी, आणि सांगलीला धाडायला एक फोटो. जागा कुणाला द्यायची हे तुमच्या बॉसच्या हातात होतं, म्हणून बॉस शिंकला तरी तुम्ही घरी येऊन सांगायचात. मला त्याचा वीट यायचा.

आणि अशात पंच्याहत्तर सालचं ते मतदान आलं. युरोपच्या कॉमन मार्केटमध्ये दोन वर्षांपूर्वी शिरलेला हा देश आता लोकांना विचारत होता, राहायचं की बाहेर पडायचं. डॉक्टरांच्या मेसमध्ये त्यावर डिबेट ठेवलं होतं आणि बॉसने तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, कॉमनवेल्थच्या बाजूने, म्हणजे बाहेर पडा म्हणून, तुम्ही बोला. त्या दिवशी तुम्ही जिना दोन दोन पायऱ्या घेत चढलात. ‘बारा जणांत मला विचारलं!’ आईने शिरा केला.

शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवलेला माणूस तुम्ही. तुम्हाला भाषण म्हणजे एकच प्रकार ठाऊक: आधी लिहायचं, मग घोकायचं, मग हातवारे बसवायचे. पंधरा दिवस तुम्ही पोळपाटासमोर उभे राहून घोकत होतात. ‘रिस्पेक्टेड चेअरमन, व्हेनरेबल एल्डर्स अँड माय डिअर फ्रेंड्स!’ ‘एम्पायर’ आलं की उजवा हात वर. ‘बिट्रेयल’ आलं की मूठ छातीवर. आई लाटता लाटता म्हणायची, ‘छान. पण शेवटी जरा आवाज चढू दे.’ मी अठरा वर्षांची होते, इथल्या शाळेत डिबेटिंग करत होते. तिथे लोक खिशात हात घालून, थोडं स्वतःवरच हसत बोलतात, हे मला माहीत होतं. मी सांगायला तोंड उघडलंही. ‘बाबा, तिथे असं नाही बोलत.’ तुम्ही म्हणालात, ‘अगं, वक्तृत्व सगळीकडे सारखंच.’

मेसचा तो हॉल, बिअरचा वास, जूनची उजेडाची संध्याकाळ. मी आणि आई मागच्या खुर्च्यांवर, आई जरीच्या साडीत आणि वरून कोट. तुमच्या आधी एकजण युरोपच्या बाजूने चार विनोद करून बसला. मग तुम्ही उठलात, अंगावर लग्नातला सूट. ‘व्हेनरेबल एल्डर्स’ म्हणताच कुणीतरी फिसकन हसलं. ‘आपण सुएझपलीकडून सैन्य मागे घेतलं, पण हृदय मागे घेतलं नाही,’ हे तुमचं लाडकं वाक्य तुम्ही इंग्रजीत हात उंचावून म्हणालात, आणि त्यातल्या ‘आपण’लाच धरून मागून एकाने ओरडून विचारलं, ‘वुई, ओल्ड बॉय?’ हॉल हशाने फुटला. बॉस रुमालाने डोळे पुसत होता. लोक तळहातांनी टेबलं बडवायला लागले. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘आवडलं गं त्यांना!’ त्यांनी तुम्हाला बोलायला बोलावलंच नव्हतं बाबा, जेवणाआधी करमणूक म्हणून बोलावलं होतं. आणि तुम्ही थांबत नव्हतात. न्यूझीलंडचा गवळी, जमैकाचा ऊसवाला, सांगलीचा विद्यार्थी, सगळे येऊन गेले. मूठ छातीवर, आवाज शेवटी चढलेला, अगदी आईने सांगितला तसा.

गाडीत आई मागे बसून खूश होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘बाबा, ते तुम्हाला हसत होते.’ आईने पदर कोटाच्या आत खुपसला. तुम्ही गिअर बदललात. ‘मला कान आहेत, बाळ.’

‘मग थांबला का नाहीत?’

तुम्ही सिग्नलला गाडी उभी केलीत. मग म्हणालात, ‘पाठ केलं होतं गं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं आठवलं नसतं.’

मतदानाच्या दिवशी तुम्ही तोच सूट घालून प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये गेलात. कॉमनवेल्थचे म्हणून आपल्याला मत होतं, एवढं तरी त्या कॉमनवेल्थने दिलं म्हणायचं. देश युरोपच्या बाजूने गेला. ती वरची जागा पुढच्या वर्षी युरोपातूनच आलेल्या एका डॉक्टरला मिळाली. माणूस वाईट नव्हता, पण त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. आपल्याकडून येणाऱ्या डॉक्टरांना तेव्हा इंग्रजीची परीक्षा लावली होती. त्याला ती नव्हती. बर्मिंगहॅमच्या म्हाताऱ्या काय बडबडतात हे त्याला कळेना, म्हणून तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहून समजावून सांगायचात. इंग्रजीचं इंग्रजी! आई भडकली, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘नियम आहे. ते आता आपले पार्टनर आहेत.’ त्या वाक्याने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. ज्या देशाने तुम्हाला पायपुसण्यासारखं वापरलं, त्याची बाजू तुम्ही आमच्याच घरात, आमच्याच ताटासमोर बसून घेत होतात. तुम्ही त्याच वॉर्डात, त्याच हुद्द्यावर असतानाच गेलात. बॉस अंत्यविधीला आला, माझा हात धरून म्हणाला, ‘फार मजेशीर माणूस होता तुझा बाप.’ मी थँक यू म्हणाले.

आता इथे पुन्हा युरोपवरून भांडणं चाललीत, पुन्हा सगळे आपण कोण आणि जगात आपली पत काय हे तावातावाने बोलताहेत. परवा जेवताना माझा मुलगा त्याच्या बायकोला सांगत होता की या विषयावर आमच्या आजोबांनी हॉस्पिटलात भाषण केलं होतं आणि सगळा हॉल उठून उभा राहिला होता. मी वाढत होते, मान खाली घालून वाढतच राहिले. त्याला तसं मीच सांगितलंय बाबा, तो लहान असल्यापासून. म्हणून हे पत्र त्याच्या हाती लागेल असं घरात ठेवता येणार नाही.