फ्रिजवरची ट्यूब

५ जानेवारी, सोमवार

एक्झिमा! नाव तरी कळलं. दिवाळीपासून आम्ही घामोळं समजून पावडर थापत होतो.

अंबरनाथच्या डॉक्टर मॅडमनी जिज्ञासाचे कोपरातले आणि गुडघ्यामागचे लाल चट्टे नीट बघितले. पाच वर्षांचं लेकरू, खाजवून खाजवून रक्त काढतं. मॅडमनी माझंच बोट धरलं आणि त्यावर मलम पिळून दाखवलं — टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ. "एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला. दिवसातून एकदा, दोन आठवडे. फार कमी लावू नका आणि घाबरून मधेच सोडू नका." आंघोळीनंतर एक साधं क्रीमही लावायचं आहे.

सोपं आहे. करू.

६ जानेवारी

सोपं काही नाही! मेडिकलवाला ट्यूब देताना म्हणाला, "वहिनी, स्टेरॉइड आहे हां. जपून." घरी येऊन फोनवर वाचत बसले. कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, सवय लागते. एके ठिकाणी अशा मलमांची यादी होती, बारा नावं. या वहीच्या शेवटच्या पानावर अक्षर न् अक्षर उतरवून काढली. वर लिहिलं — घरात आणायची नाहीत. जिज्ञासाची ट्यूब त्यात आहेच, अगदी तळाला.

सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरनी दिलाय त लाव ना गो मीनल. मना काय वाचता येत नाय, पन पोर खाजवून मरतंय ह्या दिसतंय."

लावलं. मोहरीएवढं.

१० जानेवारी

काडीचा फरक नाही. विष ते विष, वर गुणही नाही! ट्यूब फ्रिजवर टाकली. आता पथ्यानेच बघू. आजपासून घरात सुकट, बोंबील बंद, असं मी जाहीर केलं. तासाभरात सासूबाईंनी अंगणात तीन विटा मांडल्या आणि बोंबील भाजायला घेतले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने नाक दाबून खिडकी लावली. सासूबाई मुद्दाम करतात.

हरेश म्हणाला, डॉक्टरने सांगितलं तेवढं लावून तरी बघ. तू बाप असशील, पोरीची आई मी आहे म्हटलं. तो उठून बाहेर गेला, आणि मग मलाच बरं वाटेना.

१४ जानेवारी

संक्रांत. काळी साडी नेसले. "वहिनी, काय उजळलाय तुम्ही!" — शेजारीण. दिवसभर तरंगत होते.

१७ जानेवारी

इतके दिवस सुचलं कसं नाही! माझी डबी!

उल्हासनगरच्या रविनाच्या पार्लरमधून तीन वर्षं हे गोरेपणाचं क्रीम आणतेय. केशरी रंग, डबीवर ना नाव ना कागद. रविना शपथेवर सांगते, "भाभी, पूरा नॅचरल है. केसर, चंदन, बस." कुणाला बोलले नाही, पण वहीला काय चोरी. माझ्या हळदीला, मी पाटावर बसलेली असताना मागून कुणीतरी म्हणालं होतं, "हरेसची नवरी सावली हाय गो." आठ वर्षं झाली, ते 'सावळी' अजून कानातून निघालेलं नाही. डबीने मला त्यातून सोडवलं. मग लेकीला का नाही?

कोपरांना लावली. मोजायचं काय कारण? केशरच तर आहे. दोन बोटांनी चोपडली.

२० जानेवारी

खाज थांबली!! तीन दिवसांत! जिज्ञासा आज आख्खी शाळा करून आली, बाहीवर एक डाग नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच रडले. आनंदाने रडले, हे लिहून ठेवते.

२४ जानेवारी

डाग जवळपास गेलेच. दिवसातून तीनदा लावते. गालावरचा खरखरीतपणाही जावा म्हणून कालपासून गालांनाही. प्रीतमची, म्हणजे माझ्या दिराची, हळद सहा तारखेला आहे. सगळं गाव येणार. माझी लेक मिरवू दे.

सासूबाईंना म्हटलं, बघा, तुमच्या डॉक्टरच्या विषाशिवाय बरी झाली की नाही? त्या तांदूळ निवडत होत्या. "झाली त बरा झाला," एवढंच बोलल्या. मग माझ्याकडे बघून, "तुझा तोंड कशाला लाल लाल दिसतंय गो?"

गोरी झाले की तसंच दिसतं. यांना कोण सांगणार!

२८ जानेवारी

गावी दोन दिवस जाऊन आले, डबी घरीच राहिली होती. चेहरा नुसता पेटला. पुटकुळ्या, आग, कांदा चिरल्यासारखं डोळ्यांत पाणी. आल्या आल्या लावली, तासाभरात शांत! एवढी गुणकारी वस्तू, तीही हर्बल. डबीशिवाय माझं काही खरं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

हरेशने ऐकलं नाही, डॉक्टरकडे नेलंच. मॅडमनी कोपर बघितले आणि खूश झाल्या. "छान! ट्यूब नीट लावलीत ना?" मी मान हलवली. हो म्हणाले. का म्हणाले? हरेश माझ्याकडे बघत राहिला. त्याला माहीत आहे ट्यूब कुठे आहे ते.

मग मॅडमनी जिज्ञासाचे गाल उजेडात धरले. बराच वेळ. "गालांना मी काही दिलं नव्हतं." नंतर माझ्या चेहऱ्याकडे. "तुम्ही काय लावता?"

"घरगुती आहे."

"ते घेऊन याल का? रागवणार नाही मी."

रिक्षात हरेशने जिज्ञासाला मांडीवर घेतलं. गोरेपणावर जळतात लोक, असं मनात म्हणून बघितलं. पटेना.

४ फेब्रुवारी

डबी संपली. हळदीआधी नवी हवी, आणि मॅडमनाही दाखवून टाकू एकदाची, म्हणून न कळवताच उल्हासनगरला गेले. रविना आतल्या खोलीत पातेल्यात ट्यूब पिळत होती. एकामागून एक. बाजूला खायच्या रंगाची पुडी. मला बघून दचकली, मग हसली. "अरे भाभी, सब डालते हैं. इसके बिना गोरापन कहाँ से आयेगा?"

टोपलीतली एक रिकामी ट्यूब उचलून घेऊन आले.

आत्ता वहीचं शेवटचं पान उघडलंय. ट्यूबवरचं नाव यादीत पहिलं आहे. फोनवर ते पान पुन्हा काढलं. यादीच्या वर एक ओळ आहे, जी मी तेव्हा उतरवलीच नव्हती — सर्वांत तीव्र वर, सर्वांत सौम्य खाली.

खालचं फ्रिजवर. वरचं मी तिच्या गालांना लावलं, दिवसातून तीनदा.

सासूबाई दारात उभ्या आहेत. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पदराने माझा चेहरा टिपला, हळू, दुखणार नाही असा. म्हणाल्या, "हलद राहू दे. उद्या आपन तिघी जाव डाक्टरकडं."